छातीइतकं कुंपण

शुक्रवारी सकाळी क्लेमेंट बॅगशॉ जावयाकडून आणलेलं कुंपण कापायचं विजेचं यंत्र घेऊन फाटकाशी उभा राहिला, तेव्हा त्याची बायको हिल्डा खिडकीतून ओरडली, "क्लेम, कात्रीनं काप रे! इतकी वर्षं कात्रीनंच कापतोयस ना?"

"रविवारी मिस पिंडर येतायत, हिल्डा. कात्रीनं कापत बसलो तर त्या येऊन जातील, तरी मी अर्ध्यावरच असेन."

"अरे पण जावयाचं यंत्र ते. त्याच्या घरातली एक तरी वस्तू धड चालते का?"

क्लेमेंट यंत्राच्या वायरचा गुंता सोडवू लागला. सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहाचे दोन कप त्यानं ओतून घेतले होते आणि दोन्ही प्यायचे राहून गेले होते.

त्याला कारणही तसंच होतं. थॉर्नली हे उपनगर पंचाहत्तर वर्षांपूर्वी जोसाया पिंडर या बिस्किट कारखानदारानं वसवलं. शहराच्या धुरात खोकणाऱ्या कामगारांना मोकळी हवा मिळावी, दारात नासपतीचं झाड असावं आणि शेजाऱ्यांशी चार शब्द बोलता यावेत, ही त्याची तळमळ. रस्ते त्यानं मुद्दाम वळणावळणाचे केले, कोणाला घाई करता येऊ नये म्हणून. दारूचं दुकान एकही ठेवलं नाही. घराघरांमध्ये भिंत नको, फक्त छातीइतकं हिरवं कुंपण असावं, असा त्याचा नियम. छातीइतकं म्हणजे नेमकं कोणाच्या छातीइतकं, यावर पुढे दोन वर्षं वाद चालला आणि अखेर चार फूट ठरलं. पिंडर केव्हाच गेला होता, पण त्याचे नियम रहिवासी मंडळानं जिवंत ठेवले होते. दारं हिरवी हवीत, पुढच्या अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत, पुतळे-बितळे उभे करायचे नाहीत. आणि कुंपण समितीचा सेक्रेटरी होता क्लेमेंट. उजवीकडच्या रेग टॉपलिसला त्यानं उन्हाळ्यात तीनदा नोटीस धाडली होती, कुंपण दोन बोटं उंच झालं म्हणून.

आता रविवारी वर्धापनदिन होता. संस्थापकांची नात मिस युफेमिया पिंडर क्लेमेंटच्याच रस्त्यावरून, एल्म वॉकवरून, पायी फिरणार होत्या.

यंत्र सुरू झालं. पहिले चार हात झकास गेले. मग ते अचानक खाली वळलं आणि कुंपणात घुसलं. क्लेमेंटनं ते बाहेर ओढलं तोवर मधोमध एक भलंमोठं भगदाड पडलं होतं. म्हशीनं चावा घ्यावा तसं.

"सांगितलं होतं ना!" हिल्डा म्हणाली.

"काही नाही झालेलं. सगळं जरा खाली घेतो, की सरळ दिसेल."

सगळं खाली घेतलं. कुंपण कमरेपर्यंत आलं, सरळही दिसू लागलं. पण ते डावीकडे ऑडलीबाईंच्या कुंपणाला जोडलेलं होतं. ऑडलीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बाहेर आल्या आणि चष्म्यावरून त्यांनी कुंपणाकडे असं पाहिलं, की क्लेमेंट नकळत सरळ उभा राहिला.

"बॅगशॉ, ही काय पायरी केलीत?"

"जरासा फरक पडलाय, बाई."

"जरासा? माझं कुंपण आता तुरुंगासारखं दिसतंय. रविवारी त्या बाई म्हणतील, इथे कोण राहतं, कैदी?"

"मग तुमचंही तेवढंच कापून देऊ का?"

"दुसरा काही उपाय शिल्लक ठेवलाय तुम्ही?"

त्यांचं कुंपण कापताना यंत्र पुन्हा दोनदा खाली घुसलं. ते मांडीपर्यंत आलं, म्हणून क्लेमेंटला आपलं पुन्हा मांडीपर्यंत न्यावं लागलं. हे होईस्तोवर रेग टॉपलिस आपल्या फाटकाला टेकून पाइप ओढत उभा होता. रेगनं आयुष्यभर बस चालवली होती आणि प्रवाशांची गंमत बघायची सवय त्याला अजून होती.

"काय सेक्रेटरी," तो म्हणाला, "माझं बरोबर चार फूट आहे हं. काल रात्रीच मोजलं. नियम म्हणजे नियम."

"रेग, तुझं एकट्याचंच उंच दिसतंय रे. जरा घे ना खाली."

"वा! तीन नोटिसा दिल्यास तू मला. चौथी दे, मग बघतो."

क्लेमेंटनं गयावया केली. रेगनं त्याला पुरता ताटकळत ठेवला, पाइप पुन्हा भरला, तो पेटवला आणि मग म्हणाला, "ठीक आहे. पण माझं मी कापणार." आणि मुद्दाम, अगदी हसत हसत, त्यानं ते गुडघ्याइतकं केलं.

मग काय! क्लेमेंटचं पुन्हा खाली, ऑडलीबाईंचं खाली, आणि समोरच्या घरांना वाटलं मंडळाचाच हुकूम निघाला. शनिवारी दिवसभर एल्म वॉकवर कात्र्यांचा नुसता खडखडाट चालला होता. संध्याकाळी अख्खा रस्ता गुडघ्यावर आला.

आणि मग सगळ्यांना सगळं दिसलं.

ऑडलीबाईंच्या पुढच्या अंगणात दोरीवर त्यांच्या लोकरीच्या भल्यामोठ्या चड्ड्या ओळीनं वाळत होत्या. रेगच्या खिडकीखाली घरी गाळलेल्या बिअरचं पिंप होतं. आणि क्लेमेंटच्या गुलाबांमध्ये लाल टोपीचा सिमेंटचा बुटका बाहुला गळ टाकून बसला होता.

"बॅगशॉ," ऑडलीबाई गंभीरपणे म्हणाल्या, "तो पुतळा आहे का?"

"हिल्डाला तिच्या बहिणीनं दिलाय," क्लेमेंट पुटपुटला. "आणि ते, बाई... ते दोरीवरचं?"

"त्या माझ्या बहिणीच्या आहेत," ऑडलीबाई म्हणाल्या आणि चड्ड्या काढायला धावल्या.

रविवारी सकाळी बुटका न्हाणीघरात होता, पिंप रेगच्या पलंगाखाली होतं. क्लेमेंट मात्र फाटकाशी घामाघूम होऊन उभा. सेक्रेटरीपद तर जाणारच, पण सगळ्या उपनगरासमोर त्या बाई काय बोलतील कोण जाणे.

मिस पिंडर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी, डोक्यावर जांभळी टोपी. रस्त्याच्या तोंडाशी त्या थबकल्या. मंडळाचे अध्यक्ष पांढरेफटक पडले.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी क्लेमेंटकडे पाहिलं. अगदी एकमतानं.

"मी," क्लेमेंट म्हणाला. 

मिस पिंडरनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आजोबांना हेच हवं होतं हो! माणसानं माणसाला पाहावं! छातीइतकं कुंपण त्यांनी नाइलाजानं मान्य केलं, आजीला गाईगुरांची भीती होती म्हणून." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजपासून सगळ्या थॉर्नलीत एवढंच कुंपण राहील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांसमोर दुसरं काही करणं थॉर्नलीत कोणाला शक्यच नव्हतं.

सोमवारी क्लेमेंट कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर पडला. फाटकापर्यंत जाईतो त्याला चार जणांना गुड मॉर्निंग म्हणावं लागलं, हवेबद्दल चारदा मत द्यावं लागलं आणि परतताना तेच चौघं पुन्हा दिसले. आता काय बोलायचं, हे कोणालाच सुचेना. त्यानं आभाळाकडे बोट दाखवलं. चौघांनीही आभाळाकडे पाहिलं.

महिनाभरात एल्म वॉकची कळा पार गेली. ऑडलीबाई मागच्या दारानं ये-जा करू लागल्या. रेग अंगणात रस्त्याकडे पाठ करून बसे. क्लेमेंट पडद्याआडून रस्ता मोकळा आहे का ते पाहून मगच बाहेर पडे आणि नेमके सगळेच तसं करत असल्यामुळे सगळे एकाच वेळी बाहेर पडत.

"मंडळात जाऊन स्पष्ट सांग ना, कुंपण वाढवू द्या म्हणून," हिल्डा म्हणाली.

"आणि काय कारण सांगू? शेजाऱ्यांचं तोंड बघवत नाही म्हणून?"

"खरं तेच आहे ना?"

"म्हणून तर सांगता येत नाही!"

एका पहाटे त्याला झोप लागेना. उजाडायला लागलं होतं, रस्ता सामसूम होता. त्यानं अंगावर कोट चढवला, शेडमधून घोड्याच्या लिदीच्या खताची बादली काढली आणि वाकून कुंपणाच्या मुळाशी ओंजळीओंजळीनं खत घालायला सुरुवात केली. कुंपणाच्या निम्म्यावर आला आणि थांबला. पलीकडून कोणीतरी खुरपत होतं.

ऑडलीबाई. झोपायच्या पोशाखावर ओव्हरकोट, केसांत पिना, गुडघ्यांवर बसलेल्या, हातात तसलीच बादली.

दोघांनी गुडघ्याइतक्या कुंपणावरून एकमेकांकडे पाहिलं. बाईंची नजर त्याच्या बादलीत गेली. त्याची त्यांच्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, दोघांपैकी कोणीही गुड मॉर्निंग म्हटलं नाही. ऑडलीबाईंनी फक्त मान हलवली आणि आपली बादली त्याच्या बाजूला थोडी सरकवली. त्याचं खत संपत आलं होतं.