लिंडसे नोस्केला पोचवताना

अंड्याच्या सँडविचची सहा ताटं, ओल्या फडक्याखाली.

"पास्टर, गाण्याची कडवी चारच घ्या. म्हाताऱ्यांना उभं राहवत नाही."

कोरड्या ओढ्यातली वाळू, पोटरीएवढी खोल.

पिवळ्या कागदाची एक चिठ्ठी, दोऱ्याने ओवलेली, घामाने पुसट झालेली.

पत्र्याच्या शेडमध्ये कामाच्या टेबलावर दोन राखाडी डबे. पुस्तकाएवढे. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

शनिवारी पबमध्ये ट्रेव्हर नोस्के: "गुरुवारची काळजी सोडा. पहिल्या चावीला सुरू करतो की नाही बघा. यंत्र ते यंत्र."

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. गुरुवारी सकाळी आठपर्यंत ट्रेव्हरलाही तो लागला नव्हता.

तर, गुरुवारी अकराला ट्रेव्हरच्या थोरल्या भावाला, लिंडसेला, पोचवायचं होतं. नोस्के मंडळी मेल्यावर शेतातल्या टेकडीखाली जातात. पाच पिढ्या तिथेच आहेत, एकमेकांशी न बोलता. चर्चपासून अकरा किलोमीटर, वाटेत ओढा. शहरातून, पोर्ट ऑगस्टाहून येणारी काळी शववाहिका एल्फ्रीडा आत्याच्या वेळी त्या वाळूत रुतली होती आणि आत्या अडीच तास उन्हात थांबली होती. हयातीत ती कुणासाठी पाच मिनिटं थांबली नव्हती. तेव्हापासून घरातला रिवाज: नोस्के जातो तो स्वतःच्या गाडीतून.

लिंडसेची गाडी म्हणजे वीस वर्षांची उंच, डिझेलवर चालणारी, डोंगर चढणारी. तिचं इंजिन जळालं. तसल्याच एका ठोकलेल्या गाडीचं इंजिन भंगारवाल्याकडून आणून लिंडसेने एकट्याने बसवलं. पाइप जोडले, तेल भरलं. मग हॉस्पिटलात गेला. राहिला होता तो इंजिनचा कॉम्प्युटर. म्हणजे नव्या धडावर कुठलं डोकं चालतं, एवढंच बघायचं होतं.

ट्रेव्हरने चाळीस वर्षं सरकारी ग्रेडर चालवून तालुक्यातले मातीचे रस्ते सपाट केले होते. त्याची स्वतःची गाडी १९८२ सालची. तिच्यात कॉम्प्युटर सोडा, काच वर करायचं हँडलसुद्धा नव्हतं.

"दोन तासांचं काम," तो भावजयीला म्हणाला.

ग्लेनिस शर्टाला इस्त्री करत होती, लिंडसेच्या, शेवटच्या. "शेवटी त्याने एवढंच मागितलं, ट्रेव्हर. त्याच्याच गाडीतून, तिच्याच जोरावर. जमणार नसेल तर आत्ताच सांग."

"जमेल."

हा 'जमेल' साधा नव्हता. लिंडसे अकरा आठवडे हॉस्पिटलात होता आणि ट्रेव्हर एकदाही गेला नव्हता. एकदा निम्म्या वाटेवरच्या क्वॉर्नच्या पेट्रोलपंपापर्यंत गेला, पेट्रोल भरलं, एक पेस्टी, म्हणजे मटणाची भाजलेली करंजी, खाल्ली आणि परत आला. गावाला हे पेस्टीसकट माहीत होतं. आता भावासाठी करण्यासारखं एकच काम उरलं होतं.

बुधवारी त्याने गाडीतलाच जुना कॉम्प्युटर, पहिला राखाडी डबा, जोडला. इंजिन पन्नास वर्षं विड्या ओढलेल्या माणसासारखं खोकलं. पांढऱ्या धुरात कोंबड्या दिसेनाशा झाल्या. जुन्या डोक्याला नवं धड झेपत नव्हतं.

मग इंजिनबरोबर आलेला दुसरा डबा. तारा बरोबर बसल्या. त्याने चावी फिरवली आणि इंजिन लोण्यासारखं सुरू झालं. ट्रेव्हरने टोपी काढली.

दोन सेकंद. मग बंद.

परत दोन सेकंद. परत बंद. अंधार पडेपर्यंत त्याने हे एक्केचाळीस वेळा केलं. ग्लेनिसला स्वयंपाकघरात दर वेळी वाटायचं, झालं सुरू.

गुरुवारी आठ वाजता त्याने भंगारवाल्या कॉन माव्रिडिसला फोन लावला.

"दोन सेकंद चालते आणि मरते?" कॉनने विचारलं.

"हो."

"मग चावी चुकीची आहे. त्या चावीच्या डोक्यात चिप असते, बाबा. तो कॉम्प्युटर फक्त आपल्या चावीला ओळखतो. राखणीच्या कुत्र्यासारखा आहे, परक्याला उंबऱ्यापर्यंत येऊ देतो आणि मग धरतो."

"दुसरी बनवून दे."

"त्याला ॲडलेडहून लॅपटॉपवाला माणूस यावा लागतो. पुढच्या बुधवारी येईल."

"तो आज मातीत जाणार आहे, कॉन."

"कोण?"

"लिंडसे."

फोनमागे घरघरणारं भंगारयार्डातलं यंत्र कॉनने बंद केलं. "मला कुणी कळवलं नाही," कॉन म्हणाला. मग म्हणाला, "त्या ठोकलेल्या गाडीची चावी मी स्वतः त्याच्या हातात दिलीय. पिवळी चिठ्ठी बांधून. ती शोध. चावी घालतो ना आपण, त्या भोकाशेजारी ती चिकटपट्टीने बांध आणि बिनचिपच्या साध्या चावीने फिरव, गाडीतली नको, दोन चिपा भांडतात. चिप जवळ असली की झालं."

त्या मुलखात गाडीची चावी कुणी काढून ठेवत नाही. ती गाडीतच असते, गाडी मरेपर्यंत. मेलेल्या गाड्यांच्या चाव्या लिंडसेने जॅमच्या डब्यात साठवल्या होत्या. ट्रेव्हरने डबा जमिनीवर ओतला. त्रेसष्ट चाव्या. पिवळी चिठ्ठी नाही. त्यातलीच एक साधी चावी मात्र कुलपाला लागली, तेवढीच कमाई.

तो घरात गेला. ग्लेनिस काळ्या कोटाचं बटण लावत होती.

"पिवळ्या चिठ्ठीची चावी पाहिलीस कुठे?"

"ती? ती दिली ना त्याला."

"कुणाला?"

"लिंडसेला. शर्टाच्या खिशात. हॉस्पिटलात रात्रंदिवस मुठीत धरून असायचा. नर्सने काढली की तिला शिव्या. म्हटलं, इतकी जिवाची आहे तर घेऊन जाऊ दे." तिने वर पाहिलं. "का रे?"

सांगितलं असतं तर जमलं नाही हेही सांगावं लागलं असतं. "सहज," ट्रेव्हर म्हणाला.

साडेनऊला तो चर्चमध्ये. मयताची व्यवस्था बघणारा प्रॉबर्ट शवपेटीवरची फुलं सारखी करत होता.

"पेटी उघड."

"स्क्रू लावलेत, मिस्टर नोस्के. कुटुंबाला विचारल्याशिवाय..."

"मी कोण आहे, पाहुणा?"

मागे फुलं लावणाऱ्या बायका थबकल्या. व्हर्ना क्रोनने दुसरीच्या कोपराला चिमटा काढला. "आला बाई शेवटी भेटायला."

पास्टर त्सीगलर धावत आले. त्यांनी ट्रेव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "क्षमा मागायला कधीच उशीर होत नसतो, ट्रेव्हर."

"होतो, पास्टर. दीड तासात होईल."

पास्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी प्रॉबर्टला खूण केली, झाकण उघडलं गेलं आणि सगळे बाहेर जाऊन दाराआड उभे राहिले. दार जुनं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

लिंडसे आठवणीपेक्षा बराच लहान दिसत होता. डाव्या खिशात चष्मा. उजवा खिसा घडी घातलेल्या हातांखाली, आणि हात घट्ट.

"सोड ना रे," बाहेर ऐकू आलं. "लहानपणापासून असाच तू. एवढं एकदा माझं ऐक."

व्हर्नाने रुमाल काढला.

"मी येणार होतो," आतून आवाज आला. "क्वॉर्नपर्यंत आलो होतो."

हे काही चावीसाठी नव्हतं. ते कसं बाहेर पडलं, ट्रेव्हरला कळलं नाही. पुढेही काही बोलायचं होतं. पण चावी हाताला लागली आणि घड्याळात दहाला दहा कमी होते.

तो मूठ आवळून बाहेर आला. नऊ बायका रांगेत उभ्या होत्या. नऊजणींनीही त्याला मिठी मारली, एकीनेही घाई केली नाही.

लिंडसेचं घर चर्चपासून दोनच गल्ल्यांवर. शेडमध्ये त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली, साधी चावी फिरवली. दोन सेकंद. तीन. दहा. इंजिन चालत राहिलं!

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण ती ठोकलेली गाडी होती ऑटोमॅटिक, आपोआप गिअर बदलणारी. लिंडसेच्या गाडीत गिअर हाताने टाकायचे. कॉम्प्युटरने आपला गिअरबॉक्स शोधला, सापडला नाही. तेव्हा त्याने एक पिवळा दिवा लावला आणि तो रुसलेल्या कारकुनासारखा वागू लागला: टेबलावर हजर, काम पाव हिश्श्याने. ट्रेव्हरने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. गाडी ताशी सहा किलोमीटरच्या वर जाईना.

चार कडवी झाली. पेटी गाडीच्या मागच्या भागात सरकवली. ग्लेनिस शेजारी बसली. मागे तीस गाड्या, दिवे लावलेल्या.

अकरा किलोमीटरला दोन तास लागणार होते. निम्म्या वाटेत व्हर्नाचा नवरा मर्व्हिन ट्रेव्हरच्या खिडकीशी आला. तो चालत आला होता आणि त्याला दम लागला नव्हता.

"जरा हाण की, लेका. सँडविच सुकतायत."

"मानाने नेतोय," ट्रेव्हर समोर बघत म्हणाला. त्याचा पाय फळीला टेकलेला होता आणि पोटरीत गोळा आला होता.

मर्व्हिनने मागे जाऊन तसंच सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. असा संथ, असा रुबाबदार शेवटचा प्रवास कुणी पाहिला नव्हता.

ओढ्यापाशी सगळे उतरले. काळ्या कपड्यांतली माणसं चाकांशी उकिडवी बसली आणि त्यांनी टायरांमधली निम्मी हवा सोडली. वाळूत तेच करतात. ट्रेव्हरने सगळ्यात खालचा गिअर टाकला. गाडी माणसाच्या चालीने, गोगलगायीच्या दमाने वाळूत उतरली. मध्यावर ती थांबल्यासारखी झाली. लिंडसे मागे जरासा सरकला. सगळा गाव काठावर उभा. मग चाकांनी पकड घेतली आणि ती पलीकडे चढली. तिच्याच जोरावर.

ग्लेनिस इतका वेळ स्टिअरिंगखाली बघत होती. चिकटपट्टीतून पिवळ्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं.

"म्हणजे तू यासाठी आत गेला होतास."

"हो."

"मला वाटलं..."

"माहीत आहे."

कबरीपाशी पोचल्यावर ती म्हणाली, "दे त्याला परत."

"ग्लेनिस, मग ही इथून हलायची नाही."

"मी विचारलं का?"

त्याने गाडी बंद केली आणि पट्टी सोलली. पेटी खाली गेल्यावर ग्लेनिसने चावी वरून टाकली. ती झाकणावर खण्ण वाजली. पास्टर वाक्य विसरले.

माती लोटून झाल्यावर निलगिरीच्या झाडामागून मर्व्हिनचा ट्रॅक्टर निघाला, गाडी ओढायला साखळी बांधलेला. तो पहाटेपासून तिथे उभा होता. "ग्लेनिसने मंगळवारीच सांगून ठेवलं होतं," मर्व्हिन म्हणाला. "म्हणाली, ट्रेव्हरला कळू देऊ नकोस. वाईट वाटेल त्याला."

ट्रेव्हर त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून परत आला. सँडविचच्या कडा वळल्या होत्या. त्याने चार खाल्ले.

गाडी अजून टेकडीखालीच आहे. दुपारी मेंढ्या तिच्या सावलीत बसतात. लॅपटॉपवाल्याचा नंबर कॉनने दोनदा पाठवला. ट्रेव्हर म्हणतो, करतो फोन, घाई काय आहे.

मार्चच्या नऊ तारखेला डॉक्टरांनी लिंडसेला सांगितलं की हिवाळा, तिकडचा जून ते ऑगस्टचा, निघणार नाही. इंजिन त्याने त्यानंतर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणलं, कुठल्या प्रवासासाठी ते ठाऊक असताना.