टाकी धुण्याची नेपाळी पद्धत

नेपाळची सहल करून आल्यापासून तात्यासाहेबांच्या डोक्यात परमा बसला होता. तिथल्या खेड्यात आज सगळे मिळून एकाच्या शेतात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही, त्याला परमा म्हणतात. तात्यासाहेबांनी वैजापूरच्या कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर वर्गच नव्हता, म्हणून हा परमा ते बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिकवू लागले.

विरोधी पक्षात एकटे फारूखभाई होते. औरंगपुऱ्यात त्यांचं तयार कपड्यांचं दुकान. त्यांचं म्हणणं, शेजारी बघायचाच तर चीन बघावा. बाजार मोकळा सोडला आणि कुठल्या कुठं गेला. गच्चीवरची टाकी धुवायची निघाली तेव्हा त्यांनी दोन माणसं ठरवूनही टाकली होती. तात्यासाहेबांनी ती परत पाठवली. टाकी आपली, हातही आपलेच, असं सगळ्यांना पटवलं.

रविवारी आठही घरं गच्चीवर जमली. ब्रश चार होते आणि सल्ले देणारे अकरा. तरी टाकी निघाली लख्ख. घाण पाणी जायला खालचा व्हॉल्व्ह उघडला होता. तो दुसऱ्या कोणीतरी बंद केला असणार, या विश्वासानं सगळे पोहे खायला खाली उतरले.

सोमवारी पहाटे आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. हौद भरला, मोटार लावली, आणि चढवलेलं सगळं पाणी त्या उघड्या व्हॉल्व्हमधून मागच्या नालीत गेलं. नाली एवढी नितळ कशी, असं पहिल्या मजल्यावरच्या आशाबाईंनी गॅलरीतून नवऱ्याला विचारलं, तोवर हौदाचा तळ दिसत होता आणि नळही गेला होता.

व्हॉल्व्ह कोणाचा, यावर जिन्यात बराच वाद झाला. तो सगळ्यांचा होता, म्हणून कोणाचाच निघाला नाही. शेवटी फारूखभाईंनी टँकरवाल्या कडुबाला फोन लावला. कडुबा म्हणाला, आधी शेजारच्या बिल्डिंगचा नंबर आहे, शिवाय मागणी वाढलीय, भावही वाढलाय. मागणी-पुरवठा दर रविवारी समजावून सांगणारे फारूखभाई एकदम तापले.

"कडुबा, इन्सानियत नावाची चीज हाय का नाय तुझ्याकडं?"

तात्यासाहेबांनी फोन हळूच त्यांच्या हातातून घेतला. चार पावलं बाजूला गेले आणि आवाज खाली आणला.

"शेजारच्यांपेक्षा दोनशे जास्त घे. पण आधी इकडं वळव."

फारूखभाईंनी हे ऐकलं.

अर्ध्या तासात टँकर दारात आला. पाइप हौदात सोडून तात्यासाहेब समाधानानं उभे होते, तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या दगडाबाई दोन कळश्या घेऊन आल्या.

"सर, आमचा टँकर आलाच नाय अजून. घरात प्यायलाबी थेंब नाय. एवढ्या दोन भरून देता का?"

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पाइप उचलून कळश्या भरल्या. तोवर दगडाबाईंच्या मागं बादल्या, हंडे, एक बाळाचा टबसुद्धा रांगेला लागला. तात्यासाहेब मान खाली घालून भरत राहिले. हौदात वीतभर पाणी पडेना, तसे फारूखभाई कानाशी आले.

"सर, पैसे आपण मोजले ना? मग हे फुकट कशाला?"

"परमा आहे," तात्यासाहेब वर न बघता म्हणाले.

दगडाबाईंचे गुडघे दुखत होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर. तात्यासाहेबांनी पाइप फारूखभाईंच्या हातात दिला, एक कळशी खांद्यावर घेतली, दुसरी हातात धरली आणि जिना चढू लागले. मागून दगडाबाई दम खात बोलत होत्या. सरांसारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर त्या जरा थांबल्या.

"आन् ज्यानं आमचा टँकर मधेच पळवला ना सर, त्याचं वाटोळं होईल बघा."

"व्हायलाच पाहिजे," तात्यासाहेब म्हणाले, आणि कळशी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन पुढची पायरी चढले.