साडेतीन क्विंटल माणसं

गजभिये भाऊजींच्या गाडीतून लग्नाला जायचं असेल तर नव्या चपला घालू नयेत, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना अनुभवाने कळलेलं आहे. निम्मा रस्ता पायीच जावं लागतं. गतिरोधक दिसला की भाऊजी गाडी बाजूला घेतात, हँडब्रेक ओढतात आणि मान न वळवता म्हणतात, "उतरा." आपण उतरायचं. गाडी हलकी होऊन वर येते, भाऊजी ती तिरपी करून अलगद पलीकडे नेतात, आणि आपण शालू सावरत मागून चालत जाऊन पुन्हा बसायचं. सक्करदऱ्याहून मानेवाड्याच्या एका हॉलपर्यंत मी एकदा अकरा वेळा उतरले. शेवटच्या दोन गतिरोधकांच्या मध्ये तर मी बसलेच नाही. तशीच चालत गेले आणि भाऊजींच्या आधी पोहोचले.

भाऊजी आमच्या शेजारच्या घरात राहतात. कळमन्याला एका धरमकाट्यावर त्यांनी तेहतीस वर्षं काढली. भरलेला ट्रक काट्यावर चढायच्या आधी त्याच्या कमानी किती दबल्या आहेत ते पाहूनच ते वजन सांगायचे, आणि काटा मागाहून त्यांच्याशी सहमत व्हायचा. निवृत्त झाल्यावर ट्रक गेले, नजर राहिली. आता ती माणसांवर पडते. नव्या भाडेकरूची ओळख करून दिली की भाऊजी हात जोडतात, त्याला वरपासून खालपर्यंत पाहतात आणि पुटपुटतात, "अडुसष्ट." माझं वजन माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, माहेरीही मी ते कधी सांगितलेलं नाही, पण भाऊजींना तोंडपाठ आहे. चारचौघांत मला मागे बसवतात, समोर जड होतं म्हणून. मी शाळेत भूगोल शिकवते, पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प करते. या माणसापुढे मात्र माझं काही चालत नाही.

ही एसयूव्ही त्यांनी निवृत्तीनंतर जुनीच घेतली. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी शीलावहिनी गेल्या, आणि तेव्हापासून त्यांची सगळी काळजी जाऊन गाडीच्या पोटाशी बसली. पोट घासलं का, पोटाला लागलं का, हाच ध्यास. नव्या रस्त्याने जायचं असलं की आदल्या दिवशी स्कूटरवर जाऊन खड्डे पाहून यायचे. परत आले की पेपर अंथरून गाडीखाली शिरायचे. मला वाटायचं, रिकामपणाचे उद्योग आहेत. एकटा माणूस, कशात तरी जीव अडकवतो.

पण यंदा काळजीला खरोखरचं कारण मिळालं. भाऊजींची एकुलती एक लेक प्रज्ञा सिंदेवाहीच्या पुढे, आत एका गावात दिली आहे. जावई तिथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. प्रज्ञाला सातवा महिना लागला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हे भाऊजींनी मनाशी पक्कं धरलेलं. विहीणबाईंचं म्हणणं वेगळं होतं आणि खरं सांगायचं तर ते शहाणपणाचंच होतं. माहेरी आई नाही, मध्ये नऊ किलोमीटरचा दगडांचा रस्ता, त्यात नाल्यावरचा फुटका रपटा, म्हणजे पाणी वरूनच वाहणारा ठेंगणा पूल. मागच्या खेपेला याच रस्त्यावर एक दगड लागून भाऊजींच्या गाडीचं ऑइल चेंबर फुटलं होतं आणि विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरला बांधून गाडी गावात आणावी लागली होती. अशा गाडीतून सून कशी पाठवायची? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत प्रवास चालेल, पण धक्के नकोत. गाडी सुधारून आणायला भाऊजींनी विहीणबाईंकडून तीन आठवडे मागून घेतले.

त्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि पुढे ठेवलेला चहा तसाच निवू दिला. मग म्हणाले, "पोरगी काल फोनवर काही बोललीच नाही, वहिनी. बाबा, मले घरी यायचं आहे, इतकंच म्हणाली."

मी म्हटलं, आणा तिला, बाळंतपण मी करते. हे मी भरात बोलून गेले. माझी स्वतःची दोन्ही बाळंतपणं माझ्या आईने केली होती आणि मला त्यातलं झोपणं तेवढं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी गाडी घेऊन वाडीला गेले. अमरावती रोडवर ट्रकांच्या गोदामांमागे एक मिस्त्री आहे, तो स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून गाडी उंच करून देतो. मिस्त्रीने तीन प्रकारच्या स्प्रिंगा दाखवल्या. भाऊजींनी सगळ्यात जाड उचलली. तो म्हणाला, चाचा, ही सामान लादणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही एकटे हिंडणार. भाऊजी म्हणाले, कमी पडायला नको. जन्मभर लादलेल्या गाड्या पाहिलेला माणूस, जाड कमान म्हणजे चांगली कमान हे त्यांच्या हाडात भिनलेलं. माल मागवून बसवायला दोन आठवडे गेले. नवे शॉकअप, नव्या स्प्रिंगा, आणि गाडी चांगली चार बोटं वर आली. गल्लीत शिरली तेव्हा भाऊजी आत बसून आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून थेट स्वयंपाकघरात पाहू शकत होते. त्यांनी मला हात केला. चार वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

दुपारी चाचणीसाठी त्यांनी मला मधल्या सीटवर बसवलं. प्रज्ञा तिथेच बसणार होती. मांडीवर उशी दिली, आणि उमरेड रोड सोडून एका कच्च्या रस्त्याला गाडी घातली. पोट कुठेच लागलं नाही, हे मी कबूल करते. पण पहिल्याच खड्ड्यावर मी सीटवरून उठले ती छताला लागून खाली आले. दुसऱ्या खड्ड्याला जीभ चावली. तिसऱ्याला उशी समोरच्या काचेवर गेली. गाडी रिकाम्या बैलगाडीसारखी उधळत होती. मी ओरडून थांबवायला लावली आणि तोंडाला आलं ते बोलले. याच्यापेक्षा मला चालत येऊ द्या, म्हटलं, त्याची मला सवय आहे.

भाऊजी वळून पाहत होते. माझ्याकडे नाही, माझ्या मांडीकडे, जिथे उशी होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ताशी दहाच्या वेगाने आम्ही घरी आलो आणि ते दार लावून आत गेले. दोन दिवस बाहेर आले नाहीत. मी डबा घेऊन गेले तर दारातूनच घेतला. मला वाटलं, मी फार लागेल असं बोलले. माझी जीभ चावलेली होती तरी ती जरा आवरायला हवी होती, असं नवऱ्यानेही सुनावलं.

तिसऱ्या दिवशी ते बाहेर आले ते हिशेब घेऊनच. स्प्रिंगा काढून दुसऱ्या मागवायला वेळ नव्हता, तारीख तोंडावर आली होती. जाड स्प्रिंग रिकामी असली की उडते, वजन पडलं की नरम होते. मागच्या बाजूला साडेतीन क्विंटल टाकलं की गाडी पाळण्यागत चालेल आणि पोटही उंच राहील. आधी त्यांनी तांदळाची पोती टाकून पाहिली. वळणावर एक पोतं घसरलं आणि प्रज्ञाच्या जागेवर येऊन पडलं. भाऊजींनी ते पोतं बराच वेळ पाहिलं. पोतं सांभाळून बसत नाही, माणूस बसतो, असं म्हणाले आणि गल्लीत माणसं निवडायला निघाले.

गतिरोधकाला माणसं उतरवणारे भाऊजी आता दारोदार जाऊन लोकांना गाडीत बसायची विनंती करत होते. त्यात निवडही कडक. आमच्या समोरचे योगासनं करणारे सडपातळ जोशी स्वतःहून येतो म्हणाले, तर त्यांना नम्रपणे नको म्हणण्यात आलं. डेअरीवाले ठवरे, एकशे दहा. त्यांना बायकोने दोन वर्षांपासून ज्वारीच्या भाकरीवर ठेवलं होतं. भाऊजींनी जाऊन निघेपर्यंत तरी ते थांबवण्याची विनंती केली. माझा नवरा, ब्याण्णव. मी स्वतः, आकडा भाऊजींना माहीत आहे. उरलेलं प्रज्ञाच्या सामानात भरून निघेल असा अंदाज. घरात आयुष्यभर ज्या पोटावरून बोलणी खाल्ली त्याचा असा मान होईल, असं माझ्या नवऱ्याला कधी वाटलं नव्हतं. आदल्या रात्री तो दोनदा जेवला.

पहाट उलटून गेल्यावर निघालो. नवरा आणि ठवरे सगळ्यात मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. उमरेड, भिवापूर, नागभीड. भाऊजी गाडी चालवत होते की रस्ता चाचपत होते कोण जाणे. दर थोड्या वेळाने ते विचारायचे, काही लागलं का, आणि आम्ही तिघं एकदम नाही म्हणायचो. मी भूगोल शिकवते, मला रस्ते कधी भीतीदायक वाटले नव्हते. त्या दिवशी प्रत्येक पूल आणि वळण परतीच्या हिशेबाने दिसत होतं.

शेवटचे नऊ किलोमीटर पार केले. रपट्यावर गाडी चढली, पाण्यातून गेली, दगडांवरून गेली, आणि पोटाला काही लागलं नाही. विहीणबाई अंगणात उभ्या राहून पाहत होत्या. जवळ येऊन त्यांनी गाडीची उंची पाहिली, मग मागचं दार उघडून माझा नवरा आणि ठवरे पाहिले, आणि हे कोण, असं विचारलं. भाऊजींनी खरं ते सांगितलं. विहीणबाईंनी आत जाऊन आपल्या नवऱ्याकडून तांदळाचं एक मोठं पोतं आणवलं आणि मागच्या दोघांच्या पायांशी घट्ट बांधून ठेवायला लावलं. "वजन कमी पडायले नको," म्हणाल्या. जावयाच्या शाळेत परीक्षा होती, तो रविवारी येणार होता. प्रज्ञा स्टुलावर पाय देऊन, भाऊजींच्या खांद्याला धरून गाडीत चढली आणि माझ्याशेजारी बसली.

परतीचं काय सांगू. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. एका बाईने डोक्यावर मोळी घेऊन आम्हाला ओलांडलं. गाडी दबून, नरम होऊन, हळूहळू डुलत चालली होती. प्रज्ञा नागभीडपर्यंत बोलत होती, भिवापूरला पेंगली आणि उमरेडच्या अलीकडे माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

दिवेलागणीला घरासमोर आलो. ठवरेंनी सुटकेचा श्वास सोडून दाराला हात घातला, तर भाऊजींनी आरशातूनच हात वर केला. एकशे दहा किलो उतरले की मागची बाजू उसळणार, पोरगी दचकून उठणार. इंजिनही बंद करायचं नाही, बंद होताना गाडी एक हिसका देते. तर आम्ही पाच माणसं स्वतःच्या दारासमोर, चालू गाडीत, न हलता बसलो. येणारेजाणारे वाकून पाहून जात होते. ठवरेंच्या डेअरीवर गिऱ्हाईकं खोळंबली असणार. मला हसू येत होतं आणि प्रज्ञाचं डोकं हलेल म्हणून हसताही येत नव्हतं.

भाऊजी आरशात लेकीकडे पाहत होते. पाहता पाहता हळूच म्हणाले, "वहिनी, हिच्या आधी एक होतं."

मी आरशात त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"सातवाच होता. शीलाले भिवापूरहून आणाचं होतं. मी काट्यावर नवीन लागलो होतो. एक ओळखीचा ट्रक माल उतरवून रिकामाच येऊन राहिला होता. म्हटलं, एसटीत गर्दी, धक्काबुक्की, त्यापेक्षा केबिनमध्ये आरामात बसन. मीच बसवलं." ते थांबले. "रिकामा ट्रक कसा उडते, हे मले त्या दिवशी समजलं. आन् त्या दिवशी तुमच्या मांडीवरची उशी उडाली, तवा वाटलं, एवढं समजूनही मी पुन्हा तेच करून बसलो."

दोन दिवस लावून घेतलेलं दार माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझ्या बोलण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मला रडू आलं, आणि डोळे पुसायला हात उचलता येईना, कारण जरा हललं तरी खांद्यावरची प्रज्ञा जागी झाली असती.

"हिले माहीत नाही," भाऊजी म्हणाले. "शीलानं सांगू देलं नाही. बाप गाडी चालवन तवा पोरीले भेव नाही वाटलं पाहिजे, म्हणे."

रस्त्यावरचे दिवे लागले. बऱ्याच वेळाने प्रज्ञाने डोळे उघडले, बाहेर पाहिलं आणि घर ओळखून सावरून बसली.

"बाबा, केव्हा आलो आपण?"

"हे काय, माय. आत्ताच."

पाऊण तास झाला होता. मागून माझ्या नवऱ्याने, ज्याचे दोन्ही पाय केव्हाच बधिर झाले होते, घसा साफ करून सांगितलं, "हो, आत्ताच आलो."