शेऱ्याच्या रकान्यातली सृष्टी

भिवंडीतल्या आमच्या गोदामाच्या गेटवरच्या वहीत सात रकाने आहेत. तारीख, वेळ, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, मोबाइल, माल आणि शेरा. वही मीच आखली आहे. शेऱ्याचा रकाना 'ताडपत्री फाटलेली', 'सील तुटलेलं' असल्या गोष्टींसाठी ठेवला होता. एकदा महिन्याची तपासणी करताना त्या रकान्यात मला हे सापडलं : "अंड्यातून. हा." "कासवाने चिखल वर आणला. हा. फार चांगली." "देव नुसता बोलला. तों." एका फ्रिजच्या गाडीसमोर लिहिलं होतं : "आधीपासूनच होतं म्हणतो. घाईत होता."

मी भोईरमामांना ऑफिसात बोलावलं.

"मामा, हे काय आहे?"

"शेरा हाय, ताय."

"कशाचा?"

"जगाचा," मामा म्हणाले, आणि जग किती मोठं ते दोन्ही हातांनी दाखवलं. माझ्या टेबलावरचा पेनस्टँड खाली पडला.

पुंडलिक भोईर, राहणार नारपोली. वय साठीच्या आत-बाहेर. तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढली, शेड बंद झाल्यावर आमच्या गेटवर आले, त्याला सहा वर्षं झाली. बोलणं असं की पलीकडच्या गोदामालाही कळावं, आणि प्रत्येक शब्दाला हात जोडलेला. 'ट्रक आला' म्हणताना स्टिअरिंग फिरवणार, 'साहेब गेले' म्हणताना दोन बोटं टेबलावरून चालवत नेणार. नवे ड्रायव्हर त्यांना ट्रॅफिक पोलीस समजून आधी कागदपत्रं काढतात.

मामांची पद्धत ठरलेली होती. आडवा बांबू वर करण्याआधी नाव, नंबर, माल, आणि मग : "और आपके गाँव में दुनिया कैसे बनी?"

"चाचा, गाडी लगाने दो. दुनिया बन चुकी है."

"बन चुकी है, मालूम है. हाथ से बनाया के मुँह से?"

हा त्यांचा मुख्य प्रश्न. हाताने का तोंडाने? 'हा' आणि 'तों' चा उलगडा मला असा झाला. मागे गाड्यांची रांग सर्व्हिस रोडपर्यंत जायची. मी घड्याळ लावून पाहिलं. साध्या गाडीला दोन मिनिटं लागत. झारखंडची गाडी असली तर अकरा, कारण कासवाची गोष्ट तिकडची, आणि ती मामा प्रत्येकाकडून नव्याने ऐकत.

आमची झाडलोट करणारी सुमन डोंगरातल्या पाड्यावरून येते. तिलाही त्यांनी सोडलं नाही. "आमचे आजीनं सांगितलंय, धरती पयली लई हलत व्हती," ती म्हणाली, "मंग देवानं वरती डोंगर ठेवलं. वजनाला."

"कागद उडू नये म्हून ठेवतात तसं!" मामा हरखले. तळहात थरथरवून त्यावर दुसऱ्या हाताची मूठ दाबली. थरथर थांबली. "हा! एक नंबर हा!"

आपल्याकडची ऋग्वेदातली एक जुनी गोष्ट, जिच्यात सुरुवातीला काहीच नव्हतं आणि काहीच नसणंसुद्धा नव्हतं, ती मी सांगून पाहिली. मामांनी रिकामे हात पुढे केले, मग तेही मागे घेतले, मग विचारात पडले. "ताय, ह्ये दाखवायचं कसं?" म्हणाले आणि नापास केली. विष्णूच्या बेंबीतून कमळ आणि कमळात ब्रह्मदेव ही मात्र ताबडतोब पास.

खरी गंमत झाली ती एका गुरुवारी. वसईचा टेम्पोवाला सायमन आणि विम्यासाठी नुकसानीची पाहणी करायला येणारे ठाण्याचे सॅमसनसाहेब एकाच वेळी गेटवर आले. सायमन ख्रिस्ती. सॅमसनसाहेब बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले पिढीजात ज्यू, मराठी आमच्याहून चोख. मामांनी दोघांना एकदमच प्रश्न घातला.

"सहा दिवसांत केलं आणि सातव्या दिवशी देवाने सुट्टी घेतली," सायमन म्हणाला.

"कोनत्या वाराची?"

"रविवार."

"शनिवार," सॅमसनसाहेब म्हणाले. "माझ्या पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. गाव त्यांना शनवार तेलीच म्हणायचं. मूळ प्रत आमची, सायमनकडे झेरॉक्स आहे."

"झेरॉक्स काय, साहेब? आम्ही पुढची पानं जोडली!"

मामांनी हात वर करून दोघांना थांबवलं. "भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारची असते. म्हंजे तुमचा देव हितला न्हाय." मग जरा थांबून : "पन सहा दिवस सलग डुटी केली, मानूस कामाचा हाय."

सायमनने त्यांना आपलं मराठी पवित्र पुस्तक आणून दिलं. मामांनी ते आठवडाभर केबिनमध्ये बोट ठेवून वाचलं आणि तक्रार घेऊन माझ्याकडे आले.

"ताय, यात एकाच मालाची दोन चलनं हायत."

मी पंचवीस वर्षं चलनं जुळवते आहे. हे वाक्य ऐकून मला बसवेना. पुस्तक घेतलं, कागदावर मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजू भरल्या. मामांचं बरोबर होतं. पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग मासे-पाखरं, मग जनावरं आणि शेवटी माणूस, बाई आणि पुरुष एकदमच. दुसऱ्यात आधी पुरुष, मग झाडं, मग जनावरं, आणि बाई सर्वांत शेवटी, त्याच्या फासळीतून. माल तोच, क्रम वेगळा. पुढच्या खेपेला मी तो कागद दोघांसमोर ठेवला.

"दोन्ही आहेत, आणि दोन्ही ठेवायच्या," सॅमसनसाहेब म्हणाले. "एकच ठेवली तर आम्ही वाद कशावर घालणार?"

सायमन म्हणाला, "आमचे फादर सांगतात, पहिलीत देव लांबून दिसतो आणि दुसरीत जवळून."

मामांनी आपला निकाल दिला. "पयली तोंडानं. दुसरी हातानं. देव म्हनाला, झालं. परत म्हनाला, परत झालं. ह्यात बघायचं काय? दुसऱ्यात बघा." त्यांनी हवेतली माती उचलली, पाणी घालून मळली, दोन अंगठ्यांनी डोळे दाबले आणि नाकाच्या जागी हळूच फुंकर घातली. आम्ही तिघंही त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिलो. आता कोणीतरी उठून बसेल असं वाटलं. मागून एक कंटेनरवाला हॉर्न वाजवत होता, त्यालाही मामांनी थांबायला सांगितलं, कारण माणूस अजून ओला होता.

हे सगळं हेड ऑफिसला कळणं अटळ होतं. कळलं. साहेबांनी फर्मान काढलं : एक तारखेपासून गेटवर वहीऐवजी टॅबलेट. चौकोन चार, शेरा नाही. भोईर यांची बदली मागच्या हॉलमध्ये, खोक्यांना पट्ट्या मारायला. बदलीच्या फॉर्मवर त्यांची सही घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी मामांना फायदे समजावले. सावली, पंखा, बसायला स्टूल, जवळच पाण्याचा पिंप.

"तिथं कोन येतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. खोकी येतात."

सहा वर्षांत मामांनी कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदाच माझ्या टेबलापुरता राहिला. "ताय, मना गेटवरून काढू नका. गोष्टी बंद होतील."

"पण मामा, इतक्या गोष्टींचं करायचंय काय?"

त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. सही न करता गेले आणि दोन दिवस आलेच नाहीत. मुदत सोमवारची होती. रविवारी दुपारी मी फॉर्म पर्समध्ये घालून धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा पकडली आणि नारपोलीला उतरले.

घर बंद पडलेल्या एका लूमशेडच्या भिंतीला चिकटून होतं. ओट्यावर मामी वाल सोलत होत्या. समोर मामा बसले होते आणि त्यांचे हात चालले होते. तोंड बंद होतं. मी हाक मारली तर मामांनी वळून पाहिलं, मामींनी नाही.

"तिला ऐकाया येत न्हाय," मामा म्हणाले. "कवापासून, ते मनाच म्हाईत न्हाय."

दोघंही त्याच शेडमध्ये कामाला होते. मामा लूमवर, मामी सुताच्या कांड्या भरायला. "शेडमध्ये कोनालाच कोनाचं ऐकाया येत नसं, ताय. समदे हातानंच बोलायचे. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला. घरी आलो तरी भिंतीपल्याड लूम चालूच. मंग शेठनं लूम भंगारात काढले. त्या दिवशी मी म्हनलो, काय शांत झालं गं. ती आपली माझे हाताकडं बघत बसली. मी काय बोलतंय त्याची वाट बघत."

"कानाला मशीन?"

"लावलं. म्हनते, परत लूम चालू झाले. काढून डब्यात ठेवलं." वालाचं एक टरफल त्यांनी उचलून बाजूला टाकलं. "शेजारच्या बायका पयल्या यायच्या. वरडून वरडून त्यांचे घसे बसले. आता येत न्हायत. मी घरी आलो की ही इचारते, आज कोन आलं? काय सांगू? गाडीचा नंबर सांगू? मंग एक दिवस तो कासववाला आला. त्याची गोष्ट हातानं करून दाखवली. लई हसली. दुसऱ्या दिवशी इचारते, आज कोनाचं?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तोंडानं केलेलं जग हिला कसं सांगू, ताय?"

मामी मघापासून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, हवेत एक गोल काढला आणि मनगट फिरवलं.

"इचारते, तुमच्याकडं कसं झालं?"

मी पर्स बाजूला ठेवली. सायमनच्या पुस्तकातलं पहिलं चलन मला पाठ झालं होतं, तेच सुरू केलं. आधी सगळीकडे पाणी होतं. मी तळहात आडवा धरून इकडून तिकडे लाटेसारखा हलवला.

मामींनी झटकन डोक्यावर पदर घेतला, सूप मांडीवरून उतरवलं आणि घाबरून रस्त्याकडे पाहिलं.

मामा हसून हसून भिंतीला टेकले. "ताय, शेडमध्ये ह्ये म्हंजे शेठ आला!"

म्हणजे माझ्या गोष्टीत जगाच्या आरंभी सगळीकडे शेठच शेठ होता, आणि त्या शेठवर अंधार पसरला होता. मामांनी ते हातांनी मामींना समजावलं तेव्हा त्या हसल्या. स्वतःचं हसू ऐकू न येणारं माणूस हसतं तसं, मोठ्याने, आवरायचं भान न ठेवता. शेजारच्या खिडकीतून एका बाईने डोकावून पाहिलं.

मग मामींनी माझं मनगट धरलं, बोटं एकेक करून सैल केली आणि पाणी कसं करायचं ते शिकवलं. मी उजेडापर्यंत आले आणि अडले. 'उजेड होवो' कसं करणार? त्यांनीच दोन मुठी वर नेऊन फाडकन उघडल्या. हे मला मामांनी सांगावं लागलं नाही. लाईट आली. सगळी शेड ज्याची वाट बघायची, ते.

माणूस होईपर्यंत पाऊण तास लागला. माणसासाठी मी दुसऱ्या चलनावर गेले; फासळीवर मामींनी हरकत घेतली, ती मी मान्य केली. मामा मध्येच चहा करायला आत गेले होते. कप घेऊन आले ते बराच वेळ दारातच उभे राहिले. चहावर साय धरली होती.

"सहा वर्षं तिनं माझेच हात बघितले," ते म्हणाले. इतकं हळू की हे मामाच बोलले का, अशी मला शंका आली.

फॉर्म मी पर्समधून बाहेर काढलाच नाही.

सोमवारी हेड ऑफिसात साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, "टॅबलेट बसवा. पण तो धरून उभं राहायला आणि ड्रायव्हरला विचारायला गेटवर माणूस लागेलच. भोईर तिथेच बरे."

"विचारायचं काय आहे त्यात?"

"कुठून आलात, ते."

"हं," साहेब फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "ते तर विचारावंच लागेल."