वणव्याची पूर्वतयारी, छपरावरून

पन्हळीतली वाळलेली पानं मी स्वतःच काढायची ठरवली, तिथंच सगळं बिघडलं. माळी दुसऱ्या दिवशी येणारच होता. पण तोवर थांबायला वणव्याला कोण सांगणार?

आमचं घर वस्तीच्या अगदी कडेला. मागच्या कुंपणापलीकडे टेकडी आणि टेकडीवर कमरेएवढं वाळलेलं गवत. गेल्या वर्षी पलीकडच्या उतारावर वणवा पेटला, तेव्हापासून उन्हं तापायला लागली की माझी झोप उडते. (मी वीज कंपनीत लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतो. काय काय बिघडू शकतं, याचा माझ्याइतका अभ्यास फार थोड्यांचा असेल.) त्यात यंदा अग्निशमन दलाचा अधिकारी गल्लीत येऊन समजावून गेला. छपरावर पालापाचोळा ठेवू नका, भिंतीला लाकडी सामान टेकवू नका, गरजेच्या वस्तूंची बॅग भरून ठेवा. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. मी मात्र पेटलो.

त्यानंतर मी घरच्यांना सळो की पळो करून सोडलं. जेवताना मध्येच "आग" म्हणून ओरडायचो आणि सगळ्यांना उष्ट्या हातांनी गाडीत बसवायचो. काचा बंद ठेवायच्या, मागे वळून बघायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही. जो घरात दिसणार नाही, तो थेट शाळेच्या मैदानावर येईल. बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला सूचना देण्याची सवय आहे, घेण्याची नाही. मुलगी नुसती उसासे टाकायची. मन लावून ऐकायच्या त्या एकट्या सासूबाई. त्यांना माझ्याबद्दल नसला, तरी नियमांबद्दल आदर आहे.

तर त्या रविवारी मी मागच्या भिंतीला लाकडी शिडी लावली आणि गुपचूप छपरावर चढलो. (विचारलं असतं तर बायकोनं चढू दिलं नसतं.) फोन खिशातून पडेल म्हणून गरजेच्या बॅगेत टाकून आलो होतो. पुढच्या बाजूची पन्हळ उपसत असताना मागून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज आला. घरात कोणीतरी कामाला लागलंय, म्हणून मला बरं वाटलं. त्या सासूबाई होत्या. भिंतीला लाकूड टेकवलेलं पाहून त्यांनी शिडी ओढत ओढत फाटकापाशी नेऊन ठेवली होती.

मी मान वर केली, तर टेकडीवर धूर.

मी जिवाच्या आकांतानं "आग, आग" म्हणून ओरडलो. खालून बायकोचा आवाज आला, "अहो, आज तरी दोन घास सुखानं खाऊ द्या." तेवढ्यात मुलीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर दिसला असावा. मग जे झालं ते इतकं बिनचूक झालं, की वरून बघताना माझा ऊर भरून आला. बॅग आली, सासूबाई आल्या, काचा वर गेल्या, कोणी मागे वळून पाहिलं नाही. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिच्यात नाही.

धावत मागे गेलो तर शिडी नाही. उडी मारावी तर खाली फरशी. धूर आता पिवळट, दाट झाला होता आणि शर्टावर राखेचे कण पडत होते. मी वेड्यासारखा उरलेली पानं ओरबाडून खाली फेकत राहिलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. बायकोला कळलं तर ती या धुरात परत फिरेल. ती परत फिरू नये असं मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, फिरावी असंही.

आधी आला तो बंब. टेकडीखालच्या कच्च्या रस्त्यावरच त्यांनी आग अडवली आणि विझवली. परत जाताना त्याच अधिकाऱ्याची नजर वर गेली.

"छपरावर काही ठेवू नका, असं सांगितलं होतं ना?" तो म्हणाला आणि त्यानं शिडी लावली.

मी खाली उतरतोय तोच आमची गाडी आली. मैदानावर मी दिसेना, म्हणून बायकोनं मला फोन लावला होता आणि तो तिच्याच मांडीवरच्या बॅगेत वाजला होता. ती उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं माझा काळा झालेला हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. माझे डोळे भरून आले. (धूर होताच.)

"वाटेत मला सारखं वाटत होतं, घरी काहीतरी राहिलंय," ती म्हणाली. "गॅस आठवला, इस्त्री आठवली, नळसुद्धा आठवला."

"मग?" मी विचारलं.

"मग आईला विचारलं. ती म्हणाली, महत्त्वाचं सगळं घेतलंय."