पाहुणे बसलेत

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मन्मथअप्पा, मोबाइलला पाणी विचारतात.

थट्टा नाही. रोज दिवेलागणीच्या आधी ते किराणा दुकानाचं शटर ओढतात, गावाबाहेरच्या बारवेत उतरतात, पायरीवर तेलाचा रिकामा डबा ठेवून त्याला मोबाइल टेकवतात आणि फेसबुकवर लाइव्ह सुरू करतात. पण त्याआधी मोबाइलपुढे पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र मांडलं जातं. "माणसं येणार. कोरडंच बसवावं का त्यांना?"

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. आक्काचं सासर जिंतूरकडचं. जवळच्या चारठाण्याच्या देवळांचे फोटो काढायला लांबून लोक येतात. आमच्या बारवेकडे लोक यायचे ते फक्त टाकायला. निर्माल्य, फुटका टीव्ही, लग्नातल्या पत्रावळ्या. ती साफ करायची असं दाजींनी मनावर घेतलं आणि 'बारव मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष दाजी, सभासद मी. मी परभणीत राहतो आणि मंडळाच्या ग्रुपवर न चुकता हात जोडल्याचं चिन्ह टाकतो. माझी समाजसेवा तिथं सुरू होते आणि तिथंच संपते.

दाजींचं लाइव्ह म्हणजे घरचं कार्यच. "शरणार्थ मंडळी! पुण्याहून सोनटक्के आले. या, या. सरकून बसा, मागं लातूरची ताई उभी हाय." कोणी बाहेर पडलं की चेहरा उतरतो. "निघाले? चहा तरी घ्यायचा होता." आणि किती जण बघतायत ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या डोळ्याशेजारी एकाचा जरी आकडा असला, तरी ते लाइव्ह बंद करत नाहीत. पाहुण्याआधी यजमानानं उठायचं कसं? मी फोन केला की कापतात आणि मागाहून कुजबुजत्या आवाजात निरोप पाठवतात, "पाहुणे बसलेत."

घरात ठिणगी पडली ती दिवाळीआधी. दाजींनी लिहिलं, 'रविवारी गाळ काढायचा आहे, सर्वांनी यावे.' खाली बदामांचा पाऊस पडला. पन्नासेक जणांनी 'सोबत आहोत' असं लिहिलं. दाजींनी आक्काला तेवढ्या भाकरी आणि पिठलं करायला सांगितलं.

मी म्हणालो, "दाजी, लोक असं लिहितात हो नुसतं."

"नुसतं कसं? सोबत हाय म्हणलंय माणूस. उपाशी धाडू का त्याला?"

आक्का आणि तिच्या दोघी जावा तांबडं फुटायच्या आधीपासून भाकरी थापत होत्या. बारवेत आम्ही दोघं आलो: मी आणि देवळातला गुरव. गुरव आदल्या दिवशी तिथं घागर विसरला होता. मीही पिठल्याच्या ओढीनं आलो होतो, हे चेहऱ्यावर दिसत असावं. ते पिठलं पुढं दोन दिवस सगळ्या गल्लीनं खाल्लं.

आक्का एवढंच म्हणाली, "दिसत न्हाईत असल्या माणसांसाठी भाकरी थापायले होय मी?" आणि तिनं दाजींशी अबोला धरला. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याला सांगायची. तिसरं कुणी नसलं तर भिंतीला. भिंतीकडून उत्तर दाजी द्यायचे.

आक्काकडे मोबाइल आहे, पण नाशिकच्या लेकीला बघण्यापुरता. "त्या बारवेला कोण बघतंय रे, कुत्रं तरी बघतंय का?" हे ती मला दर फोनला ऐकवायची.

संक्रांत झाल्यावर मी गेलो, तरी अबोला तसाच होता. संध्याकाळी दाजींबरोबर बारवेत उतरलो. एकट्यानं घमेली उपसून त्यांनी एक कोपरा मोकळा केला होता. लाइव्ह सुरू झालं. सोनटक्के आले, गेले. लातूरच्या ताई आल्या, गेल्या. दाजी कोपऱ्यातली पायरी दाखवायला वळले आणि घसरले. कोपर दगडावर आपटलं. शर्टाची बाही खाली ओढत, हसत म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई. बसा तुमी."

डोळ्याशेजारी एक उरला होता. अंधारून आलं, थंडी वाजू लागली.

"दाजी, बंद करा आता. कोण आहे हा रिकामटेकडा?"

"पाहुण्याला असं बोलू न्हाई, शंकरअप्पा." मग मोबाइलकडे वळून ते हळू आवाजात सांगू लागले, "ही पायरी आज उघडी पडली बघा. लग्नाच्या पहिल्या वर्षी हितंच घागर टेकवून दम खायला बसायचे काही जण. खूण सापडायलीय." फुलपात्र मोबाइलकडे सरकवत म्हणाले, "जेवणाआधीची गोळी घ्यावी. गुडघा दुखायलाय म्हणून उठायचं टाळू न्हाई."

डोळ्याशेजारचा एक गेला. दाजींनी मोबाइल बंद केला, फुलपात्रातलं पाणी पायरीवर ओतलं आणि आम्ही निघालो.

घरी आक्का चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली, "शंकऱ्या, सांग त्यांना, हळद गरम केलीय. कोपराला लावा म्हणावं."

मी दाजींच्या बाहीकडे पाहिलं. बाही मनगटापर्यंत होती.

दाजी हळद लावत बसले. आक्कानं परातीत पीठ घेतलं. "अन् इचार, येत्या रविवारी किती जणांच्या टाकायच्या? आधीच सांगा म्हणावं."

"तिघांच्या म्हणावं," दाजी माझ्याकडे बघत म्हणाले.

"तिघं कोण कोण?"

"मी, शंकरअप्पा... अन् एक पाहुणे."

आक्काचा हात पिठात थांबला. "पाहुण्याला पायऱ्या झेपत न्हाईत म्हणावं. गुडघे गेलेत."

दोघंही मलाच सांगत होते आणि मला सांगायला काही उरलं नव्हतं.

"वरच्याच पायरीवर बसा म्हणावं," दाजी म्हणाले. "पाणी मी वर आणून दीन."