वरच्या मजल्यावरचं रडणं

"मार डालूँगा!" मारोती दारुड्या नवऱ्याचं सोंग घेऊन ओरडला. बाकीची पोरं आता रडण्याचा आवाज काढणार, तोच वरून धप् धप् ऐकू आलं. मागोमाग एक जाड, घोगरा आवाज, "हाडं मोडीन! निघता का नाही?" आणि मग कुणीतरी हुंदके देऊन रडू लागलं.

भनपुरीच्या ट्रक-गॅरेजांतल्या या पोरांना यशदीप दर आठवड्याला बसनं नव्या रायपुरात आणायचा. मर्द म्हणजे हात उचलणारा, हे खूळ त्यांच्या डोक्यातून काढणं हे त्याचं काम. वर्गाला एका नव्याकोऱ्या इमारतीचा तळमजला मिळाला होता. बाहेर हा रुंद रस्ता, रस्त्यावर दिवे आणि दिव्यांखाली चिटपाखरू नाही.

"भैया," मारोती हळूच म्हणाला, "ऊपर तो कोई रहता नहीं न?"

"राहत असन," यशदीप म्हणाला. " नवरा बायकोले मारून राहिला. आपण काय शिकलो? गप्प बसायचं नाही. दार वाजवायचं, काहीतरी मागायचं. मारणाऱ्याचा हात थांबते."

"हव," पोरं म्हणाली. पण उठलं कुणीच नाही. शेवटी मारोतीनं कोपऱ्यातली सळई उचलली. यशदीपनं ती खाली ठेवायला लावली.

"भूत पे भी नहीं चलेगी?"

"कोनावरच नाही."

दिवेलागण होऊन गेली होती आणि रस्त्याकडच्या उघड्या जिन्यात वीज नव्हती. मोबाईलच्या उजेडात पोरांच्या अंगी एकाएकी कमालीची अदब आली. "पहले आप, भैया." यशदीपच्या घरात भूतबित कुणी मानत नव्हतं, तरी तो प्रत्येक पायरी उजेडात नीट तपासूनच पाय टाकत होता.

दुसऱ्या मजल्यावर एका दाराखालून पिवळा उजेड झिरपत होता. त्यानं चष्मा सावरत दार वाजवलं. हुंदका मधेच तुटला.

"कोन?"

"थोडी... थोडी साखर पायजे होती."

"शांते, उघडू नको!" आतून किंकाळी आली. "भूत साखर मागून राहिलं!"

दार उघडलं. हातात मुसळ घेतलेली एक हडकुळी बाई समोर उभी. तिच्यामागं पलंगाखालून एका जाडजूड गृहस्थाचं ओलं तोंड बाहेर डोकावत होतं.

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. शालिग्राम सरकारी बाबू. नवरा-बायको महिन्याभरापूर्वी राहायला आलेले आणि अख्ख्या इमारतीत हे दोघंच. आठवड्यातून एकदा खालून 'मार डालूँगा' ऐकू यायचं आणि पाठोपाठ सात-आठ पुरुष एका सुरात रडायचे. आज शांताबाईंनी पदर खोचला आणि मुसळ आपटून भुतांना दम भरला. घोगरा आवाज त्यांचा. रडणं शालिग्रामांचं.

"मी कुठं रडलो? पडसं आहे," शालिग्राम म्हणाले.

मारोती पलंगाशी जाऊन बसला. "शरमाने का नहीं, काका. हमारी भी हालत पतली है."

शालिग्राम मग पुन्हा, पण मोकळेपणानं रडले.

निघताना पोरं जिन्याकडे बघत दारातच खोळंबली. "चला, मी सोडून देतो खाली," शांताबाई म्हणाल्या. एकटं राहायला नको म्हणून शालिग्रामही निघाले. खाली पोचल्यावर दोघांनी वरच्या अंधाराकडे पाहिलं, तेव्हा पोरांनी त्यांना वर पोचवलं. वर गेल्यावर पोरांनी खाली पाहिलं. प्रत्येक खेपेला पुढं मुसळ घेऊन शांताबाई, आणि कुणी मागं राहू नये म्हणून सगळ्यांच्या शेवटी यशदीप. तिसऱ्यांदा खाली आल्यावर शांताबाई वैतागल्या, नवऱ्याचं मनगट धरलं आणि तरातरा वर निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात बस त्या थांब्याशी थांबेचना.

"वहाँ मत उतरना, भैया," ड्रायव्हर म्हणाला. "पिछले हफ्ते सड़क से अपनी आँख से देखा. सीढ़ी पे भूतों की लाइन, ऊपर-नीचे, ऊपर-नीचे. सबसे आगे एक औरत, मूसल लेके."

पोरांनी तोंडात रुमाल कोंबले.

"पीछे एक मोटा आदमी. फिर लड़के लोग. फिर एक चश्मेवाला."

"हव, हव," मारोती हसू दाबत म्हणाला.

"और चश्मेवाले के कंधे पे हाथ रखे एक बुढ़िया."

हसू विरलं. जिन्यात खांद्यावर हात होता, हे यशदीपला चांगलं आठवत होतं. पोरगं घाबरलं असेल असं समजून त्यानं तो प्रेमानं थोपटलाही होता.

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

"मारोती," तो म्हणाला, "जरा सरक." आणि दोन पोरांच्या मधे जाऊन बसला.